पगाराआधीचे बूट: कॅनडातल्या आदिवासी मुलांचं पहिलं काम

‘प्लेसमेंट’ म्हटलं की आपल्याला आठवतं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष, इस्त्रीचा शर्ट, ॲप्टिट्यूड टेस्ट आणि संध्याकाळी घरी केलेला फोन, ‘आई, लागली गं नोकरी.’ कॅनडात याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. इथे ‘वर्क प्लेसमेंट’ म्हणजे शिक्षण चालू असतानाच कुठेतरी काही महिने पगारी काम करायचं आणि परत वर्गात येऊन बसायचं.

मी सोळा वर्षं मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगमध्ये राहते. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांची डिझाइनं करणाऱ्या एका ऑफिसात काम करते. गेली काही वर्षं दर उन्हाळ्यात माझ्या हाताखाली एकदोन विद्यार्थी असतात. त्यांतले काही इथल्या फर्स्ट नेशन्समधले, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी असतात. अशा मुलामुलींच्या पुढच्या आयुष्याची सुरुवात त्या चार महिन्यांत कशी होते, आणि कशाने सगळं तिथेच अडतं, ते मला सांगायचं आहे. सरकारी कागदांवर हा विषय फार अवघड दिसतो. जवळून पाहिलं तर त्यातल्या निम्म्या अडचणी पैशाच्या, बुटांच्या आणि गाडीच्या लायसन्सच्या असतात.

चार महिने वर्गात, चार महिने कामावर

या पद्धतीला इथे सगळे ‘को-ऑप’ म्हणतात. मराठी माणसाला को-ऑप म्हटलं की बँक नाहीतर सोसायटी आठवते. इथे त्याचा अर्थ एवढाच की कॉलेज आणि कामाची जागा या दोघांनी मिळून शिकवायचं. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली ती इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी सुरू केली. कॅनडात १९५७ साली वॉटर्लू विद्यापीठाची सुरुवातच या पद्धतीने झाली.

वर्षाचे तीन भाग पडतात: जानेवारी ते एप्रिल, मे ते ऑगस्ट, सप्टेंबर ते डिसेंबर. एक भाग वर्गात, एक कामावर, असं आलटूनपालटून चालतं. पदवीला थोडा वेळ जास्त लागतो, पण ती हातात पडते तेव्हा मुलाच्या गाठीला वर्षभराचा, कधी त्याहून जास्त अनुभव असतो. मुख्य म्हणजे फोन करून ‘मी अर्ज करतोय, माझ्याबद्दल दोन शब्द सांगाल का?’ असं विचारता येईल अशी तीनचार माणसं त्याच्या ओळखीची झालेली असतात.

मी स्वतः महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलं तेव्हा आम्हाला इनप्लांट ट्रेनिंग होतं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी महिनाभर गेले. तिथे मला एक खुर्ची मिळाली, जुन्या फायली मिळाल्या आणि शेवटच्या दिवशी सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं. पगार नव्हता, आणि पगार नसल्यामुळे माझ्याकडून काम करून घ्यायची कुणाला गरजही नव्हती. को-ऑपमधला पगार म्हणूनच महत्त्वाचा. तासाला वीस डॉलर मोजावे लागले की साहेब आपोआप विचार करतो, या मुलीला आज कोणतं काम द्यायचं.

आधी ही माणसं कोण, ते पाहू

कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेत मूळ रहिवाशांचे तीन समूह मानले आहेत: फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला समाज). कायद्याच्या भाषेत फर्स्ट नेशन्सना अजूनही ‘इंडियन’ म्हणतात, पण बोलताना तो शब्द आता कुणी वापरत नाही, तो मनाला लागतो. २०२१ च्या जनगणनेत या तिन्ही समूहांचे मिळून सुमारे १८ लाख लोक नोंदले गेले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ५ टक्के. त्यांत फर्स्ट नेशन्स साडेदहा लाखांच्या आसपास, मेटी सव्वासहा लाख आणि उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातले इनुइट सुमारे ७० हजार. मोठ्या शहरांपैकी सर्वांत जास्त मूळ रहिवासी आमच्या विनिपेगमध्ये आहेत, एक लाखाच्या वर. मराठीत मी त्यांना आदिवासी म्हणते, कारण हा शब्द वाचणाऱ्याला जमीन, जंगल आणि बाहेरून आलेली सत्ता हे सगळं एकदम समजतं.

हा समाज तरुण आहे. बाकीच्या कॅनडाचं सरासरी वय ४२ च्या जवळ गेलंय, यांचं ३४ च्या खाली आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून कॅनडातल्या कंपन्या जगभर जाहिराती करतात, आणि त्यांच्याच गावाबाहेर शे-दोनशे किलोमीटरवर तरुण पोरं कामाशिवाय बसलेली असतात. मध्ये काहीतरी तुटलेलं आहे.

काय तुटलं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. १८७६ च्या इंडियन ॲक्टमध्ये एक कलम होतं: आदिवासी माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली, किंवा तो वकील, डॉक्टर, पाद्री झाला, की कायद्याच्या दृष्टीने तो ‘इंडियन’ राहत नाही. म्हणजे आपल्या माणसांतलं त्याचं कायदेशीर स्थान गेलं. ही सक्ती काही वर्षांत निघाली, पण शिकलास तर आमच्यातून उठलास, ही गोष्ट खुद्द सरकारने कागदावर लिहून दिली होती, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या लक्षात राहिली.

त्यानंतर निवासी शाळा आल्या. हा शब्द ऐकून आपल्याला आश्रमशाळा आठवते, पण ती तुलना इथे लावू नका. सरकारच्या पैशाने आणि बहुतेक चर्चच्या ताब्यात चालणाऱ्या या शाळांत मुलांना घरातून उचलून नेत. त्यांची भाषा बोलायला बंदी असे, केस कापत. शंभराहून अधिक वर्षांत किमान दीड लाख मुलं या शाळांतून गेली आणि हजारो परत आली नाहीत. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे माझ्या वयाची माणसं त्यांत होती. आजच्या विद्यार्थ्याची आजी, कधी आई, तिथून आलेली असते. ‘शाळा’ आणि ‘शिक्षण’ हे शब्द त्या घरात आपल्या घरातल्यासारखे ऐकू येत नाहीत.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २५ ते ६४ या वयोगटात कॅनडात साधारण तिघांत एकाकडे बॅचलरची पदवी आहे. आदिवासींमध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. यातून पुढची गोष्ट कळते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्या घरात पदवीधर नाही, त्या घरात ऑफिसात काम करणारा काकाही नसतो. आपल्याकडे पोरगं इंजिनिअर झालं की कुणाचा तरी मेहुणा, कुणाचे तरी शेजारी निघतात. ‘सीव्ही पाठव, बघतो,’ एवढं म्हणणारं माणूस सापडतं. ओळख म्हणतो आपण तिला. पदवी कुणालाही कष्टाने मिळवता येते, ओळख मात्र बहुतेक वेळा जन्माने मिळते. को-ऑपच्या चार महिन्यांत तीच ओळख, जिला ती जन्माने मिळाली नाही त्या मुलीला, कमावता येते. बाकीचे फायदे आहेतच, पण मुख्य हा.

पैसा कुठून येतो

२०१७ साली केंद्र सरकारने विद्यार्थ्यांच्या पगारासाठी एक योजना काढली, स्टुडंट वर्क प्लेसमेंट प्रोग्रॅम. विद्यार्थ्याला कामावर घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला सरकार पगाराचा निम्मा भाग परत देतं, जास्तीत जास्त ५,००० डॉलर. विद्यार्थी आदिवासी असेल तर ७० टक्के, जास्तीत जास्त ७,०००. इतर काही गटांना आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही हा मोठा दर लागू होतो.

हिशेब करून बघू. आठवड्याला ३५ तास, १६ आठवडे, तासाला २० डॉलर: एकूण पगार ११,२०० डॉलर. त्याचे ७० टक्के होतात ७,८४०, पण मर्यादा ७,००० ची, म्हणून तेवढेच परत येतात. कंपनीच्या खिशातून गेले ४,२००. चार महिन्यांच्या माणसासाठी ही रक्कम लहान ऑफिसलाही जड नाही.

यात दोन गोष्टी कळीच्या. पहिली, हे पैसे कंपनीला मिळतात आणि नंतर मिळतात. आधी पगार द्यायचा, मग कागद भरून परतावा मागायचा. विद्यार्थ्याच्या हातात पहिल्या दिवशी यातला एक डॉलरही नसतो. दुसरी, योजना नागरिक, कायमचे रहिवासी आणि आश्रय मिळालेले निर्वासित यांच्यापुरती आहे. पुण्यामुंबईहून स्टडी परमिटवर आलेल्या मुलांना ती लागू होत नाही. त्यांतले काही मला विचारतात, ‘या आदिवासी मुलांना सगळं फुकट, मग आम्हाला का नाही?’

फुकट हा समज इथल्या गोऱ्या लोकांतही घट्ट बसलेला आहे, म्हणून स्पष्ट सांगते. उच्च शिक्षणासाठी केंद्राकडून जो निधी येतो तो फर्स्ट नेशनच्या, म्हणजे त्या त्या आदिवासी गावाच्या, कार्यालयाकडे ठरावीक रकमेत येतो आणि तिथून वाटला जातो. मागणारे जास्त झाले की रांग लागते. कुणाचा नंबर यंदा लागतो, कुणाचा पुढच्या वर्षी. मेटी आणि इनुइट विद्यार्थ्यांसाठी केंद्राने वेगळी तरतूद केली ती २०१९ च्या बजेटमध्ये. ज्यांची नोंद कुठल्याच यादीत नाही अशा आदिवासी मुलांचे हाल आणखी निराळे.

‘तू कुणाची?’

आता एका उन्हाळ्याची गोष्ट सांगते. मुलीचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही.

त्याआधी पाण्याबद्दल थोडं. विनिपेग शहराला पाणी येतं ते शोल लेक या तलावातून, दीडशेहून जास्त किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून. ती १९१९ साली पुरी झाली. त्याच तलावाच्या काठी शोल लेक ४० नावाचं फर्स्ट नेशन आहे. जलवाहिनीच्या कामात या लोकांची वस्ती हलवली गेली आणि खोदलेल्या कालव्यामुळे ती मुख्य भूमीपासून तुटली. शंभर वर्षं शहर त्या तलावाचं पाणी प्यालं, आणि १९९७ पासून २०२१ पर्यंत, चोवीस वर्षं, त्या वस्तीत नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका असा इशारा लागू होता. वस्तीला बाहेर जोडणारा रस्ता २०१९ मध्ये झाला, शुद्धीकरण केंद्र २०२१ मध्ये. मी हा नळ रोज उघडते. शोल लेक एकटं नव्हतं. २०१५ च्या नोव्हेंबरात देशभरात फर्स्ट नेशन्सच्या सार्वजनिक पाणीयोजनांवर असे दीर्घकाळाचे १०५ इशारे लागू होते.

तर ती मुलगी मे महिन्यात आमच्याकडे आली. सिव्हिलचं तिसरं वर्ष. मॅनिटोबा विद्यापीठात १९८५ पासून आदिवासी विद्यार्थ्यांसाठी इंजिनिअरिंगचा एक विशेष आधार-कार्यक्रम चालतो. लहान गावातल्या शाळेत ज्यांना बारावीचं फिजिक्स मिळालंच नाही, त्यांची आधी तयारी करून घेतात, शिकवणी देतात, राहण्याखाण्याच्या अडचणी बघतात. ती त्यातून आलेली. शांत, नेमकं बोलणारी. पहिले तीन आठवडे तिने ड्रॉइंगं तपासली.

जूनमध्ये आम्ही दोघी एका केंद्रावर गेलो. विनिपेगहून पाचेक तासांची गाडी, शेवटचा तासभर खडीचा रस्ता. केंद्र म्हणजे पत्र्याची एक इमारत, आत दोन फिल्टर, क्लोरीनचं पिंप, भिंतीवर घड्याळ. ते चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. मी त्यांना आधी तीनदा भेटले होते. मी विचारावं, त्यांनी ‘ठीक चालतंय’ म्हणावं, असं आमचं बोलणं.

त्या दिवशी ते नेहमीप्रमाणे क्लोरीनची तपासणी करत होते. नळाचं पाणी छोट्या बाटलीत घेतलं, पुडी फोडून टाकली, हलवलं, पाणी गुलाबी झालं. ती शेजारी उभी राहून बघत होती. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि मान न वळवता विचारलं, ‘तू कुणाची?’

हा प्रश्न मला कुठल्याही भाषेत ओळखता येतो. आमच्या गावी पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने येणाऱ्याजाणाऱ्या पोरीला विचारावा, अगदी तोच. तिने गाव सांगितलं, आजीचं नाव सांगितलं. त्यांनी आजीची बहीण ओळखली. मग दहा मिनिटं माणसं, बोटी, कुणाचं लग्न, कुणाचं मरण. मधूनमधून अनिशिनाबे भाषेतले शब्द. ते तिला जेमतेम येत होते, पण त्यांनी उच्चारले की ती पुन्हा म्हणून बघत होती.

आणि मग ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे भिजून फुगलेले. त्यात एकोणीस वर्षं दर वसंतात तलावावरचा बर्फ कोणत्या तारखेला फुटला, त्यानंतर किती दिवसांनी पाणी गढूळ झालं, किती दिवस राहिलं आणि त्या दिवसांत त्यांनी औषध किती वाढवलं, हे सगळं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. आमच्याकडे महिन्याला एक नमुना या हिशेबाने गोळा केलेले आकडे होते आणि डिझाइन त्यावर चाललं होतं. वर्षातून चारपाच दिवस जो गढूळपणा चढतो, तो महिन्याच्या नमुन्यात सापडतच नव्हता. तो सापडला नसता तर नवे फिल्टर दर वसंतात तुंबले असते.

मी लगेच फोन काढला, पानांचे फोटो घ्यायला. तिने माझा हात हलकेच खाली केला. म्हणाली, ‘वही त्यांची आहे. आधी विचारू.’ फर्स्ट नेशन्समध्ये माहितीच्या मालकीबद्दल १९९८ पासून चार तत्त्वं मांडली गेली आहेत: माहिती कुणाची, ताबा कुणाचा, बघायची मुभा कुणाला आणि ती ठेवायची कुठे. मी ती एका प्रशिक्षणात ऐकली होती, आणि नेमक्या वेळी विसरले. तिने गावच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, परवानगी घेतली, वहीची प्रत केली, आकडे संगणकावर चढवले. अहवालात ती माहिती गावाची म्हणून नोंदली गेली. उरलेले दोन महिने तिचं तेच काम होतं. आमच्या ऑफिसातल्या कुणालाही ते जमलं नसतं, मलाही नाही.

विद्यार्थ्याला घेणं म्हणजे त्याच्यावर उपकार, असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही वही आठवून सांगते.

जिथे तुटतं

ती त्या उन्हाळ्यात जवळजवळ सोडून गेली होती, आणि दोन वेळा. दोन्ही वेळा चूक आमची होती.

पहिली वेळ बुटांची. साइटवर जायचं तर पुढे पोलादी टोपी असलेले, हिरव्या त्रिकोणाची खूण असलेले बूट लागतात. किंमत दीडदोनशे डॉलर. आमच्या ऑफिसात बुटांचे पैसे मिळतात, पण पावती दिल्यावर, पुढच्या पगारात. नव्या माणसाचा पहिला पगार होतो चौथ्या आठवड्यात. तिने खोलीचं डिपॉझिट भरलं होतं, बसचा पास काढला होता आणि खात्यात पन्नासेक डॉलर उरले होते. ती काही बोलली नाही. साइटवर जायची पहिली तारीख ठरली त्या दिवशी आजारी असल्याचा मेसेज आला. दुसऱ्यांदाही आला. तेव्हा मला शंका आली आणि मी तिला कॉफीला घेऊन गेले. आपल्याकडे हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला हे लगेच समजावं. मेसचे पैसे संपले की पोरं ‘भूक नाही’ म्हणतात. मला समजायला दोन आठवडे लागले, याचं अजून वाईट वाटतं.

लायसन्सचंही तसंच. तेव्हा आमच्या जाहिरातीत ‘पूर्ण ड्रायव्हिंग लायसन्स आवश्यक’ अशी ओळ असायची. मॅनिटोबात शिकाऊ परवान्यावर किमान नऊ महिने काढावे लागतात, मग परीक्षा. ज्या गावाला हिवाळ्यात गोठलेल्या तलावावरून रस्ता आणि उन्हाळ्यात फक्त विमान, तिथल्या मुलाने परीक्षा द्यायची कुठे? ती एक ओळ काढली आणि पुढच्या वर्षी अर्ज वाढले. साइटवर तसंही कुणी एकटं जात नाही, गाडी मीच चालवते.

दुसरी वेळ २१ जूनची. हा दिवस इथे राष्ट्रीय आदिवासी दिन म्हणून पाळतात. ऑफिसात ठरलं की जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम करू, आणि कुणीतरी सुचवलं की आपल्याकडे आता एक मुलगी आहेच, ती बोलेल. मी तिला विचारलं, तीही हो म्हणाली. सात आठवड्यांपूर्वी लागलेली विद्यार्थिनी साहेबाला नाही कसं म्हणणार? ती उभी राहिली. दोन स्लाइड झाल्या. मग कुणीतरी निवासी शाळांबद्दल विचारलं, अगदी मनापासून. तिची आजी तिथे होती. ती थांबली, ‘एक मिनिट’ म्हणाली आणि बाहेर गेली. त्या संध्याकाळी तिने मला लिहिलं की मी पाण्याचं काम शिकायला आले होते.

याला इथे नाव आहे, सांस्कृतिक ओझं. ऑफिसात आदिवासी माणूस एकच असतो, आणि मग प्रत्येक दिन, प्रत्येक पोस्टर, प्रत्येक भाषणाआधी ही जमीन मूळची कुणाची हे सांगणारे आदराचे शब्द त्याच्याकडेच येतात. पगार इंजिनिअरिंगचा आणि काम सगळ्या समाजाचा प्रतिनिधी होण्याचं. आता आम्ही त्या दिवशी बाहेरच्या वक्त्याला बोलावतो आणि त्याला मानधन देतो. विद्यार्थ्याला यायचं तर येतो, नाहीतर आपलं काम करतो.

रजेचंही सांगते. घरात कुणी गेलं तर कंपनीच्या नियमात ‘जवळचं नातं’ म्हणजे आईवडील, भावंडं, नवराबायको, मुलं. चुलत आजी गेली तर त्यात बसत नाही. त्या मुलांच्या घरी चुलत आजी म्हणजे आजीच, आणि मयताला सगळं गाव चार दिवस एकत्र असतं. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. दहावं-तेरावं सोडून ऑफिसला जा म्हटलं तर आपल्यालाही पटत नाही. मी आता पहिल्याच दिवशी सांगून टाकते, कुणीही गेलं तरी जा, कागद नंतर बघू.

दुसरा उन्हाळा

एवढं सगळं नीट केलं तरी चार महिने पुरत नाहीत. पहिला उन्हाळा माणूस घाबरलेला असतो. कुठे बसायचं, कुणाला काय म्हणायचं, ईमेलमध्ये ‘डिअर’ लिहायचं की नुसतं नाव, यात जीव जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात तोच विद्यार्थी त्याच टेबलावर परत येतो तेव्हा खरं काम सुरू होतं. एका संस्थेला एकच गोष्ट करता येणार असेल तर मी म्हणेन, दर वर्षी नवा चेहरा आणून फोटो काढू नका. गेल्या वर्षीच्या मुलीला ऑगस्टमध्येच सांगा की पुढच्या मेमध्ये तुझी जागा राखून ठेवली आहे. त्या एका वाक्याने पुढचं कॉलेजचं वर्ष बदलतं.

ऑस्ट्रेलियात २००९ साली सुरू झालेल्या करिअरट्रॅकर्स या संस्थेचं काम याच विचारावर उभं आहे. तिथल्या आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनी बेटांवरच्या विद्यार्थ्यांना सुट्ट्यांमध्ये पगारी काम मिळतं आणि पदवी होईपर्यंत दर वर्षी त्यांनी त्याच कंपनीत परतावं असा प्रयत्न असतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००७ पासून आदिवासी तरुणांसाठी बारा महिन्यांची इंटर्नशिप आहे: नऊ महिने प्रांताच्या एखाद्या सरकारी खात्यात आणि तीन महिने एखाद्या आदिवासी संस्थेत. मला ही वाटणी फार आवडते. सरकार आतून कसं चालतं ते बघायचं आणि मग ते शिकून आपल्या माणसांच्या टेबलावर जाऊन बसायचं.

कारण त्या दुसऱ्या टेबलावर माणसं हवी आहेत. २००४ साली हायडा नेशन या आदिवासी समाजाच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदिवासींच्या हक्कांवर परिणाम होऊ शकेल असं काही करण्याआधी सरकारने त्यांच्याशी सल्लामसलत केलीच पाहिजे. २०१५ मध्ये निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आणि समेट आयोगाने ९४ आवाहनं केली; त्यातलं ९२ वं थेट उद्योगांना उद्देशून आहे आणि त्यात नोकरी, प्रशिक्षण आणि शिक्षणात न्याय्य संधी मागितली आहे. २०२१ मध्ये आदिवासींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा कॅनडाच्या कायद्यात आला. या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा की खाण असो, धरण असो, वीजवाहिनी असो, फर्स्ट नेशनच्या कार्यालयात कागदांचा ढीग येतो. तो वाचणारं, नकाशा तपासणारं, उलट प्रश्न विचारणारं माणूस लागतं. जमिनीची नोंद ठेवणारं लागतं, हिशेब बघणारं लागतं, जंगल आणि पाण्यावर लक्ष ठेवणारे रक्षक लागतात. हे काम आजवर शहरातल्या सल्लागारांनी केलं, आमच्यासारख्यांनी. ते गावातल्या मुलांनी करावं, ही लोकांची इच्छा आहे, आणि माझीही.

म्हणून ही मुलं पुढे आमच्याकडे टिकली नाहीत तर मला तो तोटा वाटत नाही. काही व्यवस्थापकांना वाटतो. ‘शिकवलं आपण आणि गेली दुसरीकडे,’ म्हणतात. गेली ती स्वतःच्या लोकांकडे, आणि उद्या आपल्या डिझाइनवर सही करायची की नाही ते ती ठरवेल. नीट शिकवलेलं असलेलं बरं.

कॅनडात आता टेबलाच्या या बाजूला बरीच मराठी माणसं आहेत. आयटीत, बँकांत, हॉस्पिटलांत, माझ्यासारखी पाण्याच्या धंद्यात. पहिल्या नोकरीसाठी ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’ नाही म्हणून दारं बंद झालेली आपण जवळजवळ सगळ्यांनी सोसली आहेत. तुमच्या हाताखाली विद्यार्थी घ्यायची वेळ आली तर जवळच्या विद्यापीठाच्या को-ऑप विभागाला फोन करा आणि आदिवासी विद्यार्थ्यांचं केंद्र कुठे आहे ते विचारा. जाहिरात चिकटवून थांबू नका. तिथे जा, कॉफी घ्या, बसा. आपण कोण, कुठल्या गावचे, इथे कसे आलो ते आधी सांगा. तिथेही तोच प्रश्न असतो, तू कुणाची?

ती मुलगी आमच्याकडे तीन उन्हाळे आली. आता एका आदिवासी परिषदेच्या तांत्रिक विभागात आहे. तिच्याकडे सात गावांच्या पाणीयोजना आहेत. ती निळी वही असलेलं गावही त्यांत आहे. ते गृहस्थ निवृत्त झाले, पण बर्फ फुटला की अजून तिला फोन करून तारीख सांगतात. गेल्या मे महिन्यात तिच्या हाताखाली पहिला विद्यार्थी आला, उत्तरेकडच्या गावचा, एकोणीस वर्षांचा. त्याच्या पहिल्या दिवसाच्या आठवडाभर आधी तिने मला एका पावतीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. पावतीवर एकच ओळ होती: हिरव्या त्रिकोणाचे बूट, साडेनऊ नंबर, १७९ डॉलर.